ट्रेडमिलला सहा गुण

४ फेब्रुवारी
शाळेत पालकसभा. पुढच्या वर्षापासून सगळ्यांना सारखी फी नाही. शाळेचा वर्षाचा खर्च काढणार आणि तो ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे घराघरांत वाटणार. मुख्याध्यापिकांनी (सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात) विचारलं, ऐपत मोजायची कशी हे ठरवायला तीन पालक हवेत, कोण येतं? सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. मी हात वर केला. मी नसतो तर सभा अजून चालू असती.

समितीत मी, मेहुणा आणि चष्मेवाला. मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. टायरचं दुकान, मुलगा आमच्या मुलीच्याच वर्गात. चष्मेवाल्याची चष्म्यांची तीन दुकानं आहेत आणि सभेला तो सायकलवर आला. यातच सगळं आलं.

जेवताना दोनदा उठून येरझाऱ्या घातल्या. बायको म्हणाली, बसून जेव. न्याय बसून होत नाही, हे तिला कोण सांगणार.

७ फेब्रुवारी
विचार केला. आपण अर्थातच देणाऱ्या घरांपैकी. म्हणजे इतरांच्या मुलांचा भार आपल्यावर. हरकत नाही, पण भार उचलायचा तर लबाडांचा नको.

बायको म्हणाली, ऐपत मोजायचीच असेल तर सुरुवात आपल्या घरापासून कर. तिच्या स्वभावात शंका फार. गेल्या वर्षी मी रंगाच्या कंपनीतली नोकरी सोडली आणि स्वतःची कन्सल्टन्सी काढली (दुकानांना, ऑफिसांना कुठला रंग द्यावा याचा सल्ला), तेव्हापासून हे जास्त. सध्या क्लायंट एक, मेहुणा. त्याच्या दुकानाला राखाडी सुचवला, त्याने पांढरा लावला. पण सल्ला दिला गेला, हे महत्त्वाचं. तोवर घर बायकोच्या पगारावर चालतं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. तात्पुरती व्यवस्था.

१२ फेब्रुवारी
समितीची पहिली बैठक, मेहुण्याच्या दुकानात. बसायला टायर. चष्मेवाला म्हणाला, सोपं आहे, प्रत्येकाने मिळकतीचा कागद मोठ्या बाईंना दाखवावा, त्या कुणाला सांगणार नाहीत. मी हसलो. कागद हवे तसे बनवता येतात. ज्याला लपवायचंय तोच असा सोपा मार्ग सुचवणार.

मी माझी पद्धत मांडली. मिळकत लपते, राहणी लपत नाही. समितीने घरोघरी जायचं आणि दिसेल त्या वस्तूला गुण द्यायचे. ज्याचे गुण जास्त त्याची फी जास्त. मोटारीला दहा, मोठ्या टीव्हीला पाच, असं. मेहुण्याला पटलं. तो म्हणाला, जावईबापू, डोकं आहे तुमचं. चष्मेवाला नुसता चष्मा पुसत बसला.

जाता जाता आणखी एक कलम घातलं. ज्या पालकांना पूर्ण वाटा झेपणार नाही, त्यांनी दर शनिवारी शाळेत काम करावं. फुकट घेतल्याची बोच राहत नाही. हे मी त्यांच्या भल्यासाठी सुचवलं. एकमताने मंजूर.

२० फेब्रुवारी
गुणांचा तक्ता पूर्ण. ट्रेडमिललाही सहा गुण ठेवले. चालायला रस्ता असताना घरात चालण्यासाठी मशीन घेणं ही चैनच. आमच्याकडे आहे, पण तो व्यवसायाचा भाग. सल्लागार सुटलेला दिसून चालत नाही.

मुलगी विचारत होती, बाबा, पुढच्या वर्षी मी याच शाळेत ना? म्हटलं, अर्थात. आधीच्या शाळेत असताना रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टर झाले, औषधं झाली. इथे आली आणि थांबलं. आता फाटकापासून वर्गापर्यंत पळत जाते. तिला इथून हलवायचा प्रश्नच येत नाही.

१ मार्च
तक्त्याची चाचणी म्हणून स्वतःच्या घराला गुण दिले. मोटार, टीव्ही, कॉफी मशीन, ट्रेडमिल, हॉलमधला एसी. बेरीज चुकली असावी. पुन्हा केली. तीच आली.

मेहुण्याने सहज हिशेब केला. म्हणाला, या गुणांना तुमची फी आत्ताच्या दुपटीच्या वर जाते. मोटारीचे हप्ते अजून चालू, कॉफी मशीनचेही. पण एकाच घरावरून पद्धत चुकीची ठरत नाही.

बायकोला सांगितलं नाही. तिला लॅबमध्ये खूप काम असतं.

२ मार्च
सांगितलं. म्हणजे तक्ता टेबलावर राहिला आणि तिने वाचला. ती रागावली नाही. तिने विचारलं, एवढी फी भरायची कशी? जमलं नाही तर पोरीला काढायचं का? मी म्हटलं, जूनपर्यंत दोन मोठी कामं येताहेत. ती म्हणाली, कुठून? मी म्हटलं, बोलणी चालू आहेत. ती उठून कपडे वाळत घालायला गेली. मी मागे गेलो, चिमटे दिले.

५ मार्च
चष्मेवाल्याच्या घरी भेट. हॉलमध्ये एक सतरंजी, एक पुस्तकांचं कपाट, जुना पंखा. टीव्ही नाही. मोटार नाही. पत्नीने पाणी दिलं, तेही स्टीलच्या भांड्यातून. एकूण गुण दोन. माणूस फार पोचलेला आहे, इतकंच लिहितो.

तो मात्र म्हणाला, साहेब, तुमच्या तक्त्याप्रमाणे मला जवळजवळ फी नाही आणि मी तर भरू शकतो, हे बरोबर वाटत नाही. याला म्हणतात साळसूदपणा. घरी येईपर्यंत पाय स्वस्थ नव्हते. ट्रेडमिलवर चढलो. गुणांचाच विचार येत राहिला, उतरलो.

९ मार्च
मार्ग सापडला. पद्धत बदलायची गरज नाही. घरच जरा हलकं करायचं. यात लबाडी नाही. आपण वस्तू विकत नाही की लपवत नाही, जागा बदलतोय. सल्लागाराच्या घरात साधेपणाच शोभतो, हे मला अलीकडे पटायला लागलंय.

मेहुण्याला विचारलं, मागच्या खोलीत थोडं सामान ठेवू का? तो हो म्हणाला. सामान कुठलं ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

११ मार्च
मेहुणा दुकानात असताना टेम्पोने सामान हलवलं. टीव्ही, कॉफी मशीन, ट्रेडमिल. वहिनींनी दार उघडलं आणि टेम्पोकडे बघतच राहिल्या. मोटारीचं काय करायचं? ती कन्सल्टन्सीची, म्हणजे घराची नाहीच. हॉल प्रशस्त वाटतोय. मुलीने विचारलं, बाबा, आपण गरीब झालो का? म्हटलं, नाही, आपण व्यवस्थित झालो.

१४ मार्च
अनर्थ. कुणाच्या घरी जायचं याची चिठ्ठी त्या त्या दिवशीच काढायची असं ठरलं होतं आणि आमच्या आधी मेहुण्याचं घर निघालं. मला सकाळपासून थोडी कणकण होती, मी गेलो नाही. चष्मेवाला एकटाच गेला. हॉलमध्ये एक टीव्ही, मागच्या खोलीत दुसरा, ट्रेडमिल, कॉफी मशीन. त्याने माझ्याच तक्त्याप्रमाणे प्रामाणिकपणे गुण दिले. टायरवाल्या मेहुण्याचं घर शाळेत पहिलं आलं.

मेहुण्याचा फोन आला. तो नेहमी जावईबापू म्हणतो, आज नावाने बोलला. म्हणाला, तुझा ट्रेडमिल माझ्या मुलाच्या फीवर चालतोय. मी म्हटलं, बसून बोलू. तो म्हणाला, बसायला टायरवर ये.

१५ मार्च
सामान परत आलं. टेम्पोवाला तोच. त्याने विचारलं, साहेब, पुन्हा नेणार असाल तर दोरी सोडू का नको?

आणि चष्मेवाल्याला मेहुण्याने सगळं खरं सांगून टाकलं. घरचं माणूस असं वागतं. चष्मेवाला मला शाळेबाहेर भेटला. मला वाटलं, आता ऐकवणार. त्याने फक्त म्हटलं, तुमच्या चष्म्याची काडी सैल झालीय, दुकानात या, घट्ट करून देतो. हे जास्त लागलं.

२२ मार्च
मोठ्या बाईंनी समितीला बोलावलं. गुणपद्धत रद्द. चष्मेवाल्याची सोपी पद्धत मंजूर, मिळकतीचा कागद फक्त त्यांनाच दाखवायचा. मी काही मुद्दे मांडायला तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, तुमचं शनिवारच्या कामाचं कलम मात्र सर्वांना आवडलं, ते ठेवलंय. कुणीतरी माझ्या विचाराची कदर केली.

१० एप्रिल
मोठ्या बाईंकडे कागद दाखवायचा दिवस. मी नवीन शर्ट घातला. बायकोने तिची पगाराची स्लिप ठेवली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगायला लागलो की बोलणी चालू आहेत, जूनपर्यंत दोन मोठी कामं आहेत. बायको मध्येच म्हणाली, बाई, घरात पगार एकच येतो, माझा. तुम्ही त्यावरच ठरवा. पोरीचं पोट इथे आल्यापासून दुखलेलं नाही, बाकी आम्हाला काही नको.

खोलीत पंखा फिरत होता. मी पंख्याकडे बघत राहिलो. शेवटी मी म्हटलं, हो, एकच.

आमचा वाटा आत्ताच्या फीच्या निम्म्याहून कमी ठरला. बाकीचा इतर घरं उचलणार. कुठली, ते बाई सांगत नाहीत. मी विचारलंही नाही.

बाहेर आल्यावर बायकोने माझा हात धरला. बऱ्याच दिवसांनी.

२ मे
संकल्प. एक, मोटार विकणे. दोन, ट्रेडमिल विकणे. तीन, नोकरीसाठी अर्ज करणे, पण फक्त योग्य ठिकाणी.

६ मे
ट्रेडमिल कुणी घेत नाही. सध्या त्यावर कपडे वाळतात.

१ जून
शाळेतून निरोप. सवलतीतल्या पालकांचं शनिवारचं काम पंधरा तारखेपासून सुरू. मला रंगकाम. व्हरांडा आणि मुलांची स्वच्छतागृहं. शाळेने माझं कौशल्य अचूक हेरलं. रंगाबद्दल सविस्तर टिपण तयार केलं. शांत राखाडी, फिकट निळी कड.

१५ जून, शनिवार
टिपण घेऊन गेलो. रंग आधीच आला होता. मुलांनी हात वर करून निवडलेला, भडक पिवळा. शिडी मेहुण्याने पाठवली होती, ब्रशही. सोबत चिठ्ठी, जावईबापू, पडू नका.

मी क्लायंटच्या आवडीचा आदर करतो. व्हरांड्याच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. नोकरीत असताना हजारो डबे विकले, भिंतीला ब्रश लावायची ही पहिलीच वेळ. ओघळ येतात. खालून वर जायचं की वरून खाली, तेही शाळेच्या शिपायाने सांगितलं.

मधल्या सुट्टीत मुलगी दोन मैत्रिणींना घेऊन आली. त्यांना म्हणाली, हे माझे बाबा, हे रंगवतात. सांगणार होतो की मी रंगवत नाही, रंगाचा सल्ला देतो. तोंडही उघडलं. पण घंटा झाली आणि ती वर्गाकडे निघाली. पळत.

मी उरलेली भिंत रंगवली. पिवळ्याला दुसरा हात लागतो. पुढच्या शनिवारी.