काहीही चालेल

३ फेब्रुवारी

गाढव! गाढव! गाढव!

सेवासंस्थेच्या ताईंनी सरळ विचारलं होतं — "तुला काय करायला आवडेल?" वरच्या खोलीत ती मुलगी मास्तरांना पुस्तक वाचून दाखवत होती. मास्तरांना दिसत नाही. तिचा आवाज जिन्यावरून खाली येत होता. त्या आवाजासाठीच तर आलो होतो! नुसतं म्हणायचं होतं, "वाचायला आवडेल." मी म्हणालो — "काहीही चालेल."

"बरं, येतं काय तुला?" तोंडातून निघालं, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलंय. ताईंचा चेहरा असा उजळला! थेट तळघरात नेलं. चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर. आजारी माणसांना वापरायला द्यायचे, मोडून परत आले की नीट करायचे. हातात पाना ठेवला. ज्या पान्यापासून पळालो, तोच!

४ फेब्रुवारी

आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "आता टिकेल असं वाटतंय हो." बाबा पेपरातून डोकं वर न काढता — "बघू. कॉलेजातही सुरुवातीला टिकला होता." आता हे सोडलं तर घरात तोंड दाखवायची सोय नाही.

९ फेब्रुवारी

तळघराला एकच खिडकी, तीही छताला चिकटून. बाहेरच्यांचे फक्त पाय दिसतात. तिची करडी चप्पल मी शंभरांत ओळखेन. आज चप्पल खिडकीशी थांबली. मीही थांबलो. मग गेली. बस्स! राग आला — माझा, चपलेचा, सगळ्या जगाचा — तो चाकाच्या एका वाकड्या रिंगवर काढला. ठण! ठण! ठण! रिंग सरळ. ताई खूश. "तुझ्यासारखं कुणी मिळालंच नव्हतं रे!"

काम चांगलं केलं तर इथेच गाडला जाणार. मुद्दाम बिघडवावं, तर ब्रेक न लागणाऱ्या खुर्चीत कुणाची तरी आजी बसणार. इकडे आड, तिकडे विहीर.

११ फेब्रुवारी

ग्रीस. नखांत, कानांत, स्वप्नांत.

१५ फेब्रुवारी

ती खाली आली!! मास्तरांच्या काठीचं रबरी बूच निघालं होतं. बसवून दिलं. ती हातोडी उचलून बघत म्हणाली, "इथे बरं आहे. बोलावं लागत नाही." आणि मी काय म्हणालो? — "ग्रीस लागेल, लांब उभी राहा!" खेकसलोच. गेली.

जीभ हासडून टाकावीशी वाटते.

२० फेब्रुवारी

आज फुटलो. ताईंसमोर पाना आपटला. "मी काय इथे जन्मठेप भोगायला आलोय?"

ताईंनी पाना उचलून जागेवर ठेवला. "विचारलं तेव्हा तोंड शिवलं होतं का रे? काहीही चालेल म्हणालास. मला काय स्वप्न पडतं?"

"मला वाचायचंय. मास्तरांसमोर."

ताई हसायलाच लागल्या. "बरं झालं बोललास, माझीही एक अडचण सुटली. उद्यापासून वर. पण मग सहा महिने बदल नाही हं! संगीतखुर्ची मांडली नाही मी इथे."

सहा वर्षं म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं.

२१ फेब्रुवारी

इस्त्रीचा शर्ट. केस तीनदा विंचरले. वर खोलीत मास्तर एकटेच!

"ती?"

"खाली. हातोडीचं काम हवं म्हणून कधीची मागे लागली होती. वाचायला दुसरं कुणी मिळेना म्हणून अडकली होती बिचारी. तू आलास, सुटली."

सहा महिने! वाचायला लागलो तर मास्तर — "सावकाश! गाडी चुकतेय का तुझी?"

चुकली, मास्तर.

२२ फेब्रुवारी

अर्धं पान झालं असेल. खालून ठण-ठण सुरू झालं. वेडंवाकडं, नवख्या हाताचं. मी थांबलो.

"तूसुद्धा?" मास्तर म्हणाले. "तीही अशीच थांबायची. नेमका हा आवाज आला की."