आपल्या हातचं पॅकिंग

४ नोव्हेंबर, बुधवार
पंधराला जहाज सुटणार. सात दिवस, निळं पाणी, कडक ऊन. तिकिटं जावयाने काढून दिली. बायकोने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, या वेळी तुमचं काहीही आडवं आलं तरी मी जहाजात बसणार, तुम्ही आलात तर उत्तम. असं बोलायची तिची पद्धत आहे.
मागचे दोन बेत मोडले ते गिऱ्हाइकांमुळे. लोकांची घरं हलवायचा धंदा. ऐन वेळी कुणाचं तरी कपाट निघतंच. लग्नानंतर तिला फिरायला नेलं होतं की. टेम्पोतून. मागे कुणाचा तरी पलंग होता, पण तो वाटेवरच पोचवायचा होता.
ठरवलं: सामान मी भरणार. दोघांत मिळून एकच सुटकेस. जो माणूस पियानो चौथ्या मजल्यावरून एक ओरखडा न येता उतरवतो, त्याला चार शर्टांचं काय.

६ नोव्हेंबर, शुक्रवार
आज विषय काढला. बायको म्हणाली, तुम्ही लोकांचं सामान भरता तेव्हा लोक घर सोडून चाललेले असतात. आपण परत येणार आहोत. दुर्लक्ष केलं.
सुटकेसमध्ये तिला एक तृतीयांश जागा दिली. तिने ती वितीने मोजून पाहिली.
पोहायची चड्डी आणली. बाथरूममध्ये घालून पाहिली. उद्यापासून संध्याकाळचं बिस्किट बंद.

९ नोव्हेंबर, सोमवार
तिच्यासाठी गुपचूप गॉगल आणला. मोठ्या काचांचा, नट्या घालतात तसा. जहाजावर पहिल्या दिवशी ऊन वर आलं की खिशातून काढल्यासारखा काढून द्यायचा. तोंड बघण्यासारखं होईल.
बिस्किटं चारच खाल्ली.

११ नोव्हेंबर, बुधवार
पहिला थर लागला. लोकरीचा कोट, पांघरूण, गमबूट. जावई म्हणाला, बाबा, तिथे लोक बनियनवर फिरतात. मी म्हणालो, समुद्रावर वारा असतो. तो म्हणाला, असतो, गरम. आजच्या पिढीला तळ भक्कम लागतो हे कळत नाही.
दुसऱ्या थरात इस्त्री आणि किटली. जहाजावर इस्त्री चालत नाही असं तिकिटाच्या कागदावर छापलंय, असं लेक सांगत होती. छापणाऱ्यांना आपली इस्त्री माहीत नाही. टॉवेलात गुंडाळली की वीट वाटते.
आश्चर्य म्हणजे बायकोने वाद सोडला. तुमचंच घाला, मला फार काही लागत नाही, म्हणाली. संसारात हे असं पटायला वेळ लागतो, पण पटतं.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार
गाभा भरला. आमच्या गोदामाचा नियम आहे: किमती वस्तू मधोमध, चहूबाजूंनी मऊ. पासपोर्ट मोज्यात, मोजा बुटात, बूट कोटाच्या बाहीत. शेजारी गॉगल, बबल रॅपच्या तीन वेढ्यांत.
लेक म्हणाली, बाबा, पासपोर्ट हातात लागतो. चोर खिशात हात घालतो, बुटात नाही, हे तिला समजावलं. बायकोला म्हणालो, तुझाही आण. ठेवला, म्हणाली. कुठे ते विचारलं नाही. विश्वास ठेवावा माणसाने.

१४ नोव्हेंबर, शनिवार
सुटकेस बंद झाली. मी वर बसलो, जावई वर बसला, मग झाली. गोदामातून फोरमनला बोलावून मशीनने लोखंडी पट्टी मारली, उभ्या दोन, आडव्या दोन. फोरमन म्हणाला, शेठ, ही आता देवाला पण उघडायची नाही. गडी कमी बोलतो, पण मोजकं बोलतो.
पट्टी कापायची कात्री विसरलो नाही. सगळ्यात वर ठेवलीये, झाकण उघडलं की लगेच हाताला लागेल.

१५ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
निघालो. बायकोच्या हातात लेकीची चाकांची छोटी बॅग. हे काय, विचारलं. औषधं, म्हणाली. एवढी आजारी आहे हे माहीत नव्हतं.

तोच दिवस, दुपार. बंदर
इस्त्री सापडली. तपासणीच्या मशीनमध्ये स्पष्ट दिसते म्हणे. गणवेशातल्या बाईंनी उघडा म्हणून सांगितलं. मी म्हणालो, कात्री द्या. त्यांनी कागद कापायची दिली. त्यांची कात्री मोडली. मग सुरी आणली, तीही वाकली. क्षणभर अभिमान वाटला, खोटं कशाला लिहा.
बाईंनी विचारलं, तुमची स्वतःची कात्री कुठे आहे? सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मागच्या रांगेतला एकजण मात्र बोलला.
पासपोर्ट मागितला. तोही आतच. बायकोने पर्समधून आपला काढला, शांतपणे. पट्टी कापणारा मेकॅनिक जेवायला गेलेला. जहाजाची शिडी काढायची वेळ झाली. बायकोने विचारलं, मी काय करू? मी म्हणालो, तू हो पुढे, मी आलोच. एकदाच विचारलं तिने.
मेकॅनिक आला. एका झटक्यात कापली. तोवर जहाज बोटभर दिसत होतं.

१६ नोव्हेंबर, सोमवार
घरी. सुटकेस उघडली. एकही घडी मोडलेली नाही. किटलीला पोचा नाही. बसल्या बसल्या किटलीत चहा केला. बिस्किटं मोजली नाहीत.
दुपारी बायकोचा फोटो आला. डेकवर उभी आहे, नव्या ड्रेसमध्ये. बरीच औषधं नेलेली दिसतात. हसते आहे, पण उन्हाने डोळे बारीक झालेत, कपाळावर आडवा हात धरलाय.
गॉगल काढून पाहिला. शाबूत आहे. एक चरासुद्धा नाही.
जावई म्हणतो, विमानाने गेलात तर पुढच्या बंदरावर जहाज गाठता येईल. लगेच कामाला लागलो. सुटकेस पुन्हा भरली, पट्टी मारली. या वेळी कात्री खिशात. पासपोर्ट अर्थातच मधोमध.
बायकोला फोन केला, येऊ का विचारलं.
कळवते, म्हणाली.