दारातलं ‘येतो बरं’

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सकाळी बाबांचा अकोल्याहून फोन. नेहमीचं पालुपद. “तीस वर्सं मी कामगारांकडून मालकांशी भांडलो, आन् माही पोरगी मालकांले सल्ले देऊन राहिली. तेही विलायतेतल्या!” म्हटलं, बाबा, नीट वागायचेच सल्ले देते. म्हणे, “मंग ठीक.”

दुपारी ऑफिसात विलायतेतल्या मालकांची सहा पत्रं, कामगारांना काय लिहून पाठवू असं विचारणारी. पाच नेहमीची. सहावं समुद्राकाठच्या एका छोट्या हॉटेलचं. स्वयंपाकीण डोरीन, बावीस वर्षं तिथेच. नव्या मेनूवरून मालकाशी वाजलं, ॲप्रन काढून खुंटीला लावला, “आय’म ऑफ, देन” म्हणाली आणि निघून गेली. तीन दिवस पत्ता नाही. काय लिहू, असं मालक विचारतो. सरळ केस. परस्पर सुट्टी घेतली म्हणून ताकीद. वीस मिनिटांत लिहून दिलं. आम्ही लिहिलेली पत्रं तिकडे विलायतेत हेलन तपासते, ती आज रजेवर. साधंच पत्र, तसंच गेलं.

हरभऱ्याचे घाटे आणले. सोलायला बसले तर निम्मे पोटात.

गुरुवार, ५ फेब्रु.

व्हायचं ते झालं.

हेलन रजेवरून परतली, फाइल उघडली, तिकडून फोन केला. “ऑफ म्हणजे तुला काय वाटलं?” मी म्हटलं, सुट्टी. आमच्या ऑफिसात हेल्पलाइनवरच्या कोणाची सुट्टी असली की फळ्यावर लिहितात, ‘रजनीताई ऑफ’. ती म्हणाली, अगं, इकडे ‘आय’म ऑफ’ म्हणजे ‘मी चालले’.

डोरीन रागात नोकरी सोडून गेली होती. आणि मालकाला ती परत हवी होती. समजूत काढायला काय लिहू, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्या बाईच्या हातात माझी ताकीद पडली. विनापरवानगी गैरहजर! तिने त्याच कागदावर लाल पेनाने लिहून परत पाठवलं, “बावीस वर्षांत एकदाही नाही.” आता ती मालकाचा फोनसुद्धा घेत नाही.

माझ्या पत्राने तिची नोकरी घालवली. तिची ती रागात गेली होती, चार दिवसांनी आली असती.

आमचे इंगोले साहेब सगळ्यांसमोर ओरडले. “वकील हा ना तुमी? काहून विचारलं नाही? एक फोन नव्हता करता येत?” माझंही डोकं फिरलं. “तुम्हालाच प्रत्येक पत्र अर्ध्या तासात पायजे! ठेवा तुमची नोकरी. मी नाही येत उद्यापासून.” गळ्यातलं कार्ड ओढून टेबलावर फेकलं आणि निघाले.

राजापेठेपर्यंत पायी. मग ऑटो. कान गरमच.

शुक्रवार

घरी. कोणाला सांगितलं नाही. पाच वाजता नवरा, विनय, परतवाड्याहून शाळेत शिकवून आला. “आज घरी कशी?” तोंडातून गेलं, “ऑफ आहे.” आणि मग मला हसू आवरेना, नंतर रडू आवरेना. त्याने चहा ठेवला, एक शब्द विचारला नाही. मोठं मन आहे या माणसाचं, लिहून ठेवते, तोंडावर सांगितलं तर फुगेल.

बाबांना मात्र सांगितलं.
“लिहून देल्ला का राजीनामा?”
“नाही, तोंडी.”
“मंग नाही झाला.”
“बाबा, विलायतेत तोंडी चालतो.”
“तू विलायतेत हायेस का?”

शनिवार, ७ फेब्रु.

साहेबांची मेल. विषय: ‘रागाच्या भरात दिलेला राजीनामा’. ओळखीचं वाटलं. वाटेल नाही तर काय, माझीच टिपणी, गेल्या वर्षी विलायती मालकांसाठी लिहिलेली. रिकाम्या जागी माझं नाव भरलेलं. ‘मालकाने असा राजीनामा लगेच स्वीकारू नये. एक-दोन दिवस जाऊ द्यावेत. मग शांतपणे, एकांतात विचारावं, तुम्हाला खरंच हेच म्हणायचं होतं का.’

खाली मराठीत:

“ता. क. रजनीताईची साक्ष घेतली. तिचं टेबल दाराशीच. ती म्हणते, मॅडम रागात गेल्या, पण जाता जाता मले ‘येतो बरं’ म्हणाल्या. आता जाणारा ‘जातो’ म्हणत नाही हे मान्य. पण नोकरी सोडणारा ‘येतो’ म्हणते का? शब्द संदिग्ध. स्वीकारता येत नाही. आणि मी चारचौघांत बोललो, ते चुकलं माझं. सोमवारी भेटू.”

मला आठवतसुद्धा नाही. म्हटलं असेन. रागावले की मी अमरावतीची राहत नाही, अकोल्याची होते. ‘येते’चं ‘येतो’ होतं. आईची सवय. भांडून निघाली तरी उंबऱ्यात ‘येतो’ म्हणायचीच.

देवा, कशी माणसं दिलीस रे मला. चूक माझी, आणि माफी ते मागतात.

सोमवार, ९ फेब्रु.

गेले. साहेबांनी दार लावून घेतलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि टिपणीतलं वाक्य जसंच्या तसं वाचलं. “तुमाले खरंच हेच म्हणायचं होतं का?” म्हटलं, नाही. “मंग बसा आन् डोरीनचं पाहा.” कार्डाची दोरी तुटली होती. रजनीताईने नाडी ओवून ठेवली होती, परकराची!

डोरीनचं पत्र चार वेळा खोडलं. आमची नावं पत्रात कधी जात नाहीत, मालकाच्या नावाने जातं सगळं. या वेळी म्हटलं, मालकाच्या पत्रासोबत माझी चिठ्ठी जाऊ द्या, माझ्या सहीची. साहेब, “पाहा बुवा.” हेलन म्हणाली, पाठव. तर लिहिलं, चूक माझी. आमच्या गावात ‘ऑफ’ म्हणजे सुट्टी. मालकाने तुम्हाला ताकीद द्या असं कधीच सांगितलं नव्हतं. आणि आमच्याकडे भांडून निघालेलं माणूससुद्धा दारात ‘येतो’ म्हणून जातं. शेवटचं वाक्य मीच खोडलं होतं, हेलनने परत घातलं.

मालकाला सांगितलं, पोस्टाने नको. स्वतः घेऊन जा.

गुरुवार, १२ फेब्रु.

मालक जाऊन आला. हेलनने सगळं सांगितलं. डोरीनने आत बोलावलं नाही. चिठ्ठी दारातच वाचली, दोनदा. ‘येतो’ कसं म्हणायचं ते त्याला विचारलं, त्याला काय येतंय! चिठ्ठी ठेवून घेतली. रविवारी दुपारचं जेवण तिकडे मोठं असतं, तो म्हणाला, येशील का? ती म्हणाली, “वी’ल सी.”

म्हणजे ‘पाहू’. आता काय समजायचं? माझ्या सासूबाई ‘पाहू’ म्हणाल्या की नाही, आणि बाबा ‘पाहू’ म्हणाले की झालंच. यावेळी अक्कल वापरली नाही, हेलनलाच विचारलं. ती म्हणे, अगं, मलाही नाही माहीत, ते डोरीनलाच माहीत. मग तिचे शब्द फाइलमध्ये जसेच्या तसे टाकले. अर्थाचा रकाना कोरा ठेवला.

ॲप्रन अजून त्याच खुंटीला आहे म्हणे. मालक कोणाला हात लावू देत नाही.

निघताना रजनीताईला म्हटलं, येतो बरं. ती म्हणे, “साक्ष लिहून ठेवू काय, मॅडम?”

डोरीनचं काम सकाळी सातला सुरू होतं. तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा. ती आली तर मालक ऑफिसच्या हेल्पलाइनवर कळवेल, तिथे रविवारी रजनीताई एकटी असते. रविवारी माझा ऑफ.

तरी जाणार आहे.