नावावरची रेघ

प्रिय आबिंग,

आणि वर मलाच म्हणतोस, “आई, तुझ्यासाठी येतो”! चार दिवस झाले तुझा फोन येऊन, अजून माझं डोकं शांत झालेलं नाही. “माझा काही विश्वास नाही हे तुला ठाऊक आहे, पण तुझा आहे ना? मग जत्रेला येईन, दोन तास उभा राहीन, धूप धरीन, सांगशील तितक्या वेळा वाकेन. तुझं समाधान.” माझं समाधान म्हणे! मी नुसतं “बरं बरं” म्हणून फोन ठेवला, तो काय मला आनंद झाला म्हणून? फोन कुठे ठेवलाय तुला माहीत आहे. देवाच्या, राजेसाहेबांच्या, टेबलाला चिकटून. समोर बाकावर तुझे स्वीग्वान काका बसले होते आणि शेजारी लॉटरीचा आकडा काढायला आलेले दोघे, तिघांचे कान माझ्याकडे. त्या खोलीत मला साधं खोकता येत नाही, तुझ्याशी भांडणार कशी? म्हणून लिहितेय. मागच्या पडवीत बसलेय, कालवांच्या टोपलीवर फळी टाकून. माझी शाळा चौथीत सुटली. जे अक्षर आठवलं नाही तिथे गोल काढलाय, तुझं तू समजून घे. आणि कागदाला वास आला तर तोंड वाकडं करू नकोस, याच वासावर तू इंजिनिअर झालास.

तुला वाटतं, मानकरी होणं म्हणजे जत्रेच्या दिवशी मिरवणुकीच्या पुढे चालणं. गेल्या वर्षी तू नव्हतास, म्हणून सांगते. काकांनी देवळाची वही उघडली, एकेका घराचं नाव वाचलं आणि प्रत्येक नावाला नकार येईपर्यंत दोन लाकडी फळ्यांचा कौल टाकला. एक फळी उताणी, एक पालथी पडली की राजेसाहेबांचा होकार. टोफूवाल्या लिमचे पाच होकार आले, तो घाबरून पांढरा झाला होता. मग तुझं नाव आलं, केबिंग, आणि लागोपाठ नऊ. त्यातल्या आठव्या वेळी एक फळी घरंगळत गेली आणि खांबाला टेकून उभी राहिली. ना उताणी, ना पालथी. काकांनी गुडघ्यावर हात ठेवून वाकून पाहिलं आणि ओरडले, “होकारच आहे!” मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, आबिंग. तो होकार नव्हता, तो खांब होता. पण ढोल सुरू झाले, लिमने मला वाकून नमस्कार केला, इतका खरा नमस्कार मला आयुष्यात कोणी केला नाही, आणि तासाभरात देव वर्षभरासाठी आपल्या घरी. मानकरी तू, ताइपेला पाचव्या मजल्यावर. वहीत बायकांची नावं नसतात. राबायला मात्र बायकाच लागतात.

तेव्हापासून पहाटे पाचला दार उघडायचं ते रात्री नऊला लावायचं, आणि लावायचं म्हणजे नुसतं लोटायचं. मानकऱ्याच्या दाराला कडी नाही. धूप विझता कामा नये. सकाळ-संध्याकाळ चहाचे तीन पेले, ताजे. बाहेर दोरीवर बायकी कपडे नाहीत. घराबाहेर एक रात्र नाही. तुझ्या आहून मावशीच्या मुलीचं लग्न झालं, मी फोटोत पाहिलं. कोणाचं पोर रडतं, आण इकडे. कोणाची म्हैस बसली, आण इकडे. मी जेवायला बसले की हटकून कोणीतरी येतं आणि म्हणतं, “जेव जेव वहिनी, आम्ही देवाकडे आलोय,” आणि माझ्या वाडग्यात काय आहे ते पाहून जातं. सगळ्यात जास्त येतात ते आकडेवाले. राखेत आकडा दिसतो म्हणे. परवा एकजण नाक राखेत घालून बसला होता. मी म्हटलं, बाबा, तिथे सात दिसत असेल तर तो माझ्या केराच्या काडीचा आहे. तर त्याने सातच लावला. लागला! आता तो केर काढायच्या वेळेला येतो.

आता तुला जे सांगते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकांच्या त्या चार दिवसांत धुपाच्या भांड्याला हात लावायचा नसतो. पहिल्या महिन्यात मी लिमच्या बायकोला बोलावलं. ती आली, चहा प्याली, सगळ्या गावात माझे दिवस सांगत फिरली. दुसऱ्या महिन्यात मी कोणाला बोलावलं नाही. स्वतःच धूप लावला, राख चाळली, भांडं पुसलं आणि वाट बघत बसले. काय होईल ते होऊ दे म्हटलं. काही झालं नाही रे. त्या आठवड्यात कालवं उलट जास्त भरलेली निघाली. मला हायसं वाटायला हवं होतं. मला रडू आलं. कारण मला तेव्हा खात्री झाली की खोलीत माझ्याशिवाय कोणी नाही. आणि मी ज्याच्यासाठी कडी काढून बसलेय, तो लाकडाचा आहे.

तसं म्हटलं तर मला हे आधीपासून ठाऊक होतं. तुझे बाबा गेले त्या दिवशी सकाळी मी कौल लावून विचारलं होतं, समुद्र शांत राहील का? तीन होकार आले. समुद्र खरंच शांत होता, तेलासारखा. दोर पायात अडकला आणि इंजिनाने ओढून नेलं. तू अकरा वर्षांचा होतास, तुला कोणी हे सांगितलं नाही. तेराव्या दिवशी काका मला म्हणाले, “केबिंगच्या आई, तू विचारताना चुकलीस. समुद्राचं विचारलंस, देवाने समुद्राचं सांगितलं. माणसाचं विचारायला हवं होतं.” वाईट हेतूने बोलले नाहीत, त्यांचा सख्खा भाऊ होता तो. पण त्या दिवसापासून मी देवाला काही विचारलं नाही. तरी धूप चुकवला नाही, जत्रेला तांदळाच्या पिठीची लाल कासवं करायची चुकवली नाहीत. का, तर तू म्हणशील आईने धीर सोडला. तू मोठा झालास, तुझा विश्वास उडाला, तरी तू वाकायला तयार, का, तर आईला वाईट वाटेल. असे आपण दोघं एकमेकांसाठी हात जोडून उभे आहोत, आणि मध्ये तो लाकडाचा राजा चहा पितोय! मला कामाची सवय आहे, आबिंग. मी कालवं फोडते तेव्हाही एक कवच राहू देत नाही. धूपही तसाच लावते. लोक त्याला भक्ती म्हणतात.

आणि तेच माझ्या अंगाशी आलंय. मी फोन ठेवला, आकडेवाले गेले, तरी काका बाकावरून हलेनात. टोपी मांडीवर घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, “वहीत एकतीस घरं उरली. मी पहिल्यांदा वही हातात घेतली तेव्हा दोनशे सहा होती. एकतीसपैकी वीस घरांत नुसती म्हातारी. गेल्या वर्षी पालखीला खांदे मिळाले नाहीत, राजेसाहेबांना भाज्यांच्या ट्रकवर बसवलं. मी मेलो की कौल टाकणारही कोणी नाही.” मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. चहा दिला. तर म्हणतात कसे, “तुझ्याइतकी नेमाची बाई गावात नाही. आम्ही ठरवलंय, या वेळी नवा मानकरी निवडायचा नाही. सरळ राजेसाहेबांनाच विचारायचं, तुम्हाला केबिंगच्या घरी कायम राहायचं आहे का?” कायम! मी म्हटलं, भावोजी, मानकरी केबिंग आहे ना, मग देवाला ताइपेला पाठवा. तर कपाळाला हात लावून म्हणाले, “परक्या माणसांबरोबर लिफ्टमधून जातील का राजेसाहेब?” पंचांगाच्या तिसऱ्या महिन्याच्या बाराव्या दिवशी कौल टाकणार आहेत, तेच टाकणार. तू म्हणशील, आई, तुझा विश्वास नाही तर घाबरतेस कशाला? अरे, देवाला नाही घाबरत मी. त्या खांबाला घाबरते.

आहून काओशुंगहून फोन करत असते. तिचं सकाळच्या नाश्त्याचं दुकान चांगलं चाललंय, सोयाचं दूध, तळलेली पिठाची कांडी, मुळ्याची वडी. तिचा हात दुखावलाय, तिला माणूस हवंय. “ताई, तू ये, नाहीतर मी गल्लीतल्या कोणाला तरी ठेवते, मेच्या पुढे नाही थांबता येणार,” म्हणते. दुकानाच्या वर एक खोली आहे. मी तिला पगार विचारला नाही, खिडकी आहे का विचारलं नाही. दाराला आतून कडी आहे का, एवढंच विचारलं. ती हसली, “ही काय विचारायची गोष्ट झाली?” मग म्हणाली, “आहे, पितळेची.” तेव्हापासून मला ती कडी दिसते. कालवं फोडताना दिसते, राजेसाहेबांसमोर वाकले की दिसते. आत जायचं, कडी लावायची, आणि वाडगाभर पेज एकटीने खायची. पन्नाशीला आलेल्या बाईने एवढंच मागावं याची मलाच लाज वाटते, पण मागते.

इथपर्यंत वाचून तू मुठी आवळल्या असशील, काकांना शिव्या दिल्या असशील. थांब जरा. खरी चोर मी आहे. चार वर्षांपूर्वी नववर्षाला आलास तेव्हा तू मला एक कागद दिला होतास, सही-शिक्का करून. “मी या देवळाचा नाही, माझं नाव वहीतून कमी करावं.” म्हणालास, “आई, काकांना देशील?” मी हो म्हटलं. नंतर तू विचारलंस तेव्हा दिला म्हटलं. गेल्या वर्षी तुझ्या नावाने कौल पडला तेव्हा तू फोनवर किती ओरडलास, काकांनी कागद फाडला असणार म्हणालास, आणि मी गप्प राहिले. त्यांनी फाडला नाही, आबिंग. त्यांनी तो पाहिलाच नाही. तो शिलाईच्या मशीनच्या खणात होता, बॉबिनांच्या खाली, चार वर्षं. तुझ्या मावशीच्या मुलीचं लग्न, कपडे, कडी, हे सगळं माझं मी घालवलं. तो कागद दिला असता तर तुझं नाव वाचलंच गेलं नसतं.

का दिला नाही ते ऐक. आपल्या वहीतलं नाव आजवर एकाच कारणाने कमी झालंय. ताइपेला गेला, अमेरिकेला गेला, तरी नाव राहतं. नावावर रेघ मारतात ती मेलेल्याच्या. काका ब्रश शाईत बुडवतात, बाकीचे उभे राहतात, नाव एकदा मोठ्याने वाचतात आणि मग वरून खाली रेघ. तुझ्या बाबांची रेघ मी पाहिली आहे. शाई जास्त झाली होती, खाली ठिबकली, आणि खालच्या नावावर डाग पडला. खालचं नाव तुझं होतं. त्या वर्षी लेक म्हणून काकांनी नव्यानेच लिहिलेलं. मी तुझा कागद हातात घेऊन तीनदा देवळापर्यंत गेले आणि तीनदा परत आले. देव लाकडाचा आहे हे मला कळतं. ती रेघ कशाची आहे ते मात्र मला अजून कळत नाही.

म्हणून हे पत्र. तुझा कागद यासोबत परत पाठवतेय, त्याच्या घड्या पिवळ्या पडल्यात. त्यावर नवी तारीख घाल आणि तो घेऊन तू स्वतः ये, बाराव्या दिवशी, कौल टाकायच्या आधी. नाव गेलं की घर मानकऱ्याचं राहत नाही, राजेसाहेबांना त्याच दिवशी उठावं लागतं, हे मी काकांकडून दुसऱ्याच निमित्ताने विचारून घेतलंय. ते रडतील. रडू देत, तू त्यांचा हात धर, पण कागद मागे घेऊ नकोस. धूप धरू नकोस, वाकू नकोस, खोटं काही करू नकोस. फक्त ते तुझं नाव मोठ्याने वाचतील आणि रेघ मारतील तेव्हा माझ्या शेजारी उभा राहा, इतका जवळ की तुझी बाही मला लागेल. रेघ मारून झाली तरी माणूस तिथेच उभा असतो, हे मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. देवासाठी नको येऊस. हे मात्र माझ्यासाठी. येणार की नाही ते तिसऱ्या महिन्याच्या दहाव्या दिवसाच्या आत कळव, तुझ्या ऑफिसच्या कॅलेंडरात तो सत्तावीस एप्रिल, शनिवार. फोन करायचा नाही. पत्र टाक, एका शब्दाचं चालेल. पोस्टमन आला की मी बाहेर रस्त्यावर उभी असेन.

तुझीच आई,
बाँगशी