राखेनं घासलेल्या तीन नळ्या

जिवती तालुका
१७ फेब्रुवारी २०२५

दिव्यानीले तिच्या आजीचा जय भीम.

मी बरी आहे. गुडघे जागच्या जागी आहेत, त्यांचं दुखणंही जागच्या जागी आहे. नागपूरले मावशीकडे वेळेवर जेवतेस ना? फोन लावला का तू कापतेस, म्हणून हे पत्र. लिहून राह्यली अंगणवाडीतली इंदुताई. बोलते तसंच लिही, सुधारू नको म्हटलं, तर आतापासूनच तोंड वाकडं करून बसली.

तुझी खोकी माळ्यावर ठेवली. आतून काळा रंग दिलेली चपलेची खोकी, एका बाजूनं हिरवा दिवा, दुसऱ्या बाजूनं उजेड मोजणारी टिकली, मधात काचेची नळी. शाळेतली पोरं विचारतात, मॅडम कधी येणार? मी सांगते, मॅडम रुसली, ती तुमच्याहून लहान आहे.

बकरीले दोन पिल्लं झाली. एक पांढरं, एक...

इंदुताई म्हणते, "आजी, बकरीसाठी बोलावलं का मले?"

नाई व. सांगते.

साहेब लोक तुझं हे खोक्याचं यंत्र पाहाले येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी प्रफुलनं नळ्या माझ्याकडे दिल्या. म्हणे, "आजी, नुसत्या पाण्यानं खंगाळ. बाकी काही लावू नको." मी मनात म्हटलं, याले भांडे घासणं काय समजते! एवढे साहेब येणार, माझ्या नातीचं सामान चकाकलं पाह्यजे. चुलीतली राख घेतली आन् घासल्या. तीन झाल्या, मंग हात भरून आला.

ओल्या होत्या तोवर आरशावाणी दिसत होत्या. वाळल्यावर एक उन्हात धरली, तर अंगभर ओरखडे. तरी मी गप टोपलीत ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशीचं तुले माहीत आहे. विहिरीत टाकतात त्या लाल दवाईचं पाणी जितकं गडद, तितका आकडा वर जाणार, असं तू सांगितलं. आन् ओरखड्याच्या नळीत उजेड अडला, साध्या पाण्याचाच आकडा सगळ्यात वर गेला. तो साहेब हसला, "मॅडम, तुमचं पाणी तर दवाईपेक्षा काळं निघालं!" तू सगळ्यांसमोर इचारलं, "प्रफुल, नळ्या तू धुतल्या ना?"

त्यानं माझ्याकडे पाह्यलं. मी लुगड्याचा पदर नीट करत होती.

तो म्हणाला, "हो. मीच घासल्या."

इंदुताईनं पेन खाली ठेवला. उचल बाई. लिही.

हेडमास्तरनं त्याचे शाळेतले तास बंद केले. तू त्याच्यासंगचं वैशाखातलं लग्न मोडलं, मेहनतीचं वाटोळं केलं म्हणाली आन् निघून गेली. मी दारात उभी राहून डबा बांधून दिला तुले.

मंग मी त्याच्या घरी गेली. काऊन माझ्यासाठी खोटं बोलला म्हटलं. तो म्हणे, "आजी, तिले मायबाप नाई. तुझ्यावर रुसली तर ती कोणाच्या घरी येईल?"

मी हेडमास्तरलेही सांगितलं. तो म्हणे, "आजी, नातजावयाले वाचवाले आली का?" कोणी मानून नाई राह्यलं माझं. म्हणून एक नळी कापडात गुंडाळून सोबत पाठवते. उजेडात धर. तुले तरी दिसेल.

रविवारी प्रफुल तेलंगणात मिरची तोडाले जाऊन राह्यला. रसायन शिकवणारा पोरगा. पिशवी भरून ठेवली त्यानं. वह्या लोकांच्या पोराईले वाटून दिल्या, म्हणे आता लागत नाई. त्याची माय माझ्याशी बोलते आन् मले तिच्याकडे पाहावत नाई. मी तीनदा त्याच्या दारातून हात जोडून आली. तो ऐकत नाई. तुझं ऐकेल.

माझ्याशी बोलू नको. दिवाळीले येऊ नको. मी मेली तरी ठरव तुझं तू. पण रविवारच्या आधी त्याले एक फोन लाव, माय.

इंदुताई विचारते, खाली 'तुझी आजी' लिहू का? मी म्हटलं, नुसतं नाव लिही. बाकीचं तिले ठरवू दे.

बायनाबाई