भोंग्यावरची घरची बातमी

अण्णा, उन्हाळ्याची सुट्टी लागली की मला तुमचा आवाज आठवतो. चेहऱ्यासाठी भिंतीवरच्या फोटोकडे बघावं लागतं, आवाजासाठी काही लागत नाही. कॉलेजच्या परीक्षा संपल्या आणि होस्टेलची पोरं ट्रंका घेऊन गेली, की आपलं गाव एकदम रिकामं व्हायचं. वह्या-पुस्तकांची दुकानं भर दुपारी फळ्या लावून झोपायची आणि कँटीनच्या बाकड्यांखाली कुत्री पसरायची. मग गाव आपली कामं काढायचं. शिवण क्लास, मुलांचं शिबिर, जत्रेच्या कुस्त्या, लग्नं, कॉलेजच्या मैदानावरची व्याख्यानमाला, सगळं त्या दीड-दोन महिन्यांत उरकायचं असायचं. आणि तुम्ही, एरवी कॉलेजच्या ऑफिसात मान खाली घालून बसणारे क्लार्क, रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून सगळ्यांच्या बातम्या सांगत गावभर फिरायचात. आपल्या आळीत मराठी, कानडी गल्लीत कानडी आणि बाजारपेठेत दखनी. एकदा तर सोलापूरला निघालेली एसटी थांबवून आतल्या लोकांनाही तुम्ही कुस्त्यांची बातमी सांगितलीत, असं आई चिडून सांगायची. तिला त्याचा अभिमानही होता, पण तो तिनं तुम्हाला कधी कळू दिला नाही.

लोकांनी सांगितलं तेवढंच सांगायचं, हे तुम्हाला कधी जमलं नाही. त्यात तुमचं मत यायचंच. शिवण क्लासच्या बाई चांगल्या शिकवतात, पण उशिरा आलेलं खपवून घेत नाहीत. आंबे गोड आहेत, पण खालच्या थरातले बघून घ्या. त्या आंबेवाल्यानं पुढं तुम्हाला कधी बोलावलं नाही. व्याख्यानमालेच्या वेळी तर कहर झाला होता. सोलापूरहून एक मोठे विद्वान आले होते आणि प्राचार्यांच्या ओसरीवर चहा घेत बसले होते. नेमकी तेव्हाच तुमची रिक्षा समोरून गेली आणि भोंगा म्हणाला, "पाहुणे शिकलेले हायत, पण लांबण लई लावत्यात. तवा जेवून या." दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं आणि विचारलं, तुम्ही कॉलेजचे नोकर आहात की गावाचे. तुम्ही म्हणालात, एरवी कॉलेजचा, सुट्टीत गावाचा. हे तुम्ही जेवताना आम्हाला सांगत होतात आणि आई कपाळाला हात लावून बसली होती. पण त्या विद्वानांनी व्याख्यान अगदी वेळेत संपवलं आणि रात्री ते आपल्याच घरी आमटी-भाकरी जेवले, हेही खरं. आईनं वाढताना त्यांची माफी मागितली तर ते म्हणाले, वहिनी, माझी बायको हेच सांगते, फक्त तिच्याकडं भोंगा नाही.

आणि शेवटी तुमचं ते ठरलेलं वाक्य, "आता सांगणाऱ्याच्या घरची बातमी." चार घरच्या बातम्या सांगत फिरणाऱ्यानं आपल्या घराला कडी लावून बसू नये, असं तुमचं म्हणणं. म्हैस व्याली, खरवस संपला, आता कुणी येऊ नये. थोरल्या काकांचा मोतीबिंदू काढला, ते सगळ्यांना ओळखू लागलेत, उसनवारी असणाऱ्यांनी सावध राहावं. गाव हसायचं, मीही हसायचे. दहावीचा निकाल लागला तेव्हा मात्र माझं हसू आटलं. मी स्वयंपाकघरात ज्वारी निवडत बसलेय आणि खिडकीतून तुमचा आवाज येतोय. "आमची लेक गणितात ऱ्हायली हाय. ऑक्टोबरला परत बसणार हाय. तिला कुणी काय इचारू नका. काय इचारायचं ते मला इचारा." मी सूप तिथंच टाकलं आणि माजघरात जाऊन तोंडावर पांघरूण घेतलं, ऐन उन्हाळ्यात. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या तोंडाला कुलूप कसं ते नाही, असं आई तुम्हाला सुनावत होती आणि तुम्ही शांतपणे भाकरी मोडत होतात. मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "आपली बातमी आपुन सांगितली तर एकदाच सांगावी लागती. न्हाय सांगितली तर गाव रोज सांगतंय." मला तेव्हा ते पटलं नव्हतं. पण मला खरोखरच कुणी काही विचारलं नाही. उलट तिसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजचे गणिताचे सर स्वतः दारात आले आणि सुट्टीभर मला त्यांच्या ओसरीत बसवून शिकवलं. मी सुटले, आणि पुढं गणिताचं तोंड बघायला लागू नये म्हणून भूगोल घेतला.

आता त्याच कॉलेजात मी भूगोल शिकवते आणि पुढच्या वर्षी निवृत्त होईन. तुमचे जावई जाऊनही बरीच वर्षं झाली. भला माणूस होता, तक्रारीला जागा ठेवली नाही. गावाच्या बातम्या आता मोबाइलवरच्या ग्रुपवर येतात. सकाळी उठलं की फुलं आणि सुविचार यांचा ढीग उपसायचा, तेव्हा कुठं खाली हरवलेली शेळी, टँकरची वेळ नाहीतर मुलांचं पोहण्याचं शिबिर सापडतं. त्या सुविचारांचा मला मनापासून राग येतो. पण यंदा ग्रुपवर न आलेली एक बातमी गावात फिरत होती, आणि ती माझी होती.

कानडी शाळेत एक गुरुजी होते, आता निवृत्त आहेत, विधुर आहेत. तुम्ही त्यांना ओळखत नाही, ते तुमच्यानंतर बदलून आले. व्याख्यानमालेला ते दरवर्षी पहिल्या रांगेत बसतात, हात बांधून झोपतात, चांगले घोरतात, आणि शेवटी उठून असा नेमका प्रश्न विचारतात की वक्ता गांगरतो. एकदा मी त्यांना छेडलं तर म्हणाले, मी डोळे मिटून ऐकत असतो. घोरता कशाला मग, असं मी विचारलं. त्यावर ते इतके मोकळेपणी हसले की मीही हसत राहिले, आणि तिथून पुढं आमचं बोलणं थांबलंच नाही. या पावसाळ्याआधी लग्न करायचं आम्ही ठरवलंय. माझ्या पाठच्या धाकट्या भावाला पुण्याला फोन करून सांगितलं. त्यानं विरोध केला नाही, पण सोलापुरात कचेरीत जाऊन गुपचूप सह्या करा म्हणाला, गावात बोभाटा नको, या वयात लोक हसतील. मी बरं म्हटलं. पण अण्णा, फोन ठेवला आणि माझी चिडचिड सुरू झाली. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात एका हॉटेलात आम्हाला डोसा खाताना कुणीतरी पाहिलं होतं, आणि तेव्हापासून मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबायचं. मी काही कुणाचं चोरलं नव्हतं. तरी तोंड लपवून लग्न करायचं का उजळ माथ्यानं, एवढं एक माझ्या मनाला ठरवता येत नव्हतं.

अशातच व्याख्यानमाला आली. यंदा ती माझ्या गळ्यात होती. ग्रुपवर मी छान मजकूर टाकला, त्यावर भराभर अंगठे उमटले, आणि पहिल्या दिवशी मैदानावर वक्ता, आम्ही समितीचे लोक, वॉचमन आणि गुरुजी एवढेच. गुरुजी नेहमीप्रमाणे झोपले. अंगठे देणारे कुठं गेले कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तडक रिक्षास्टँडवर गेले आणि भोंगा बांधायला सांगितला. रिक्षावाला म्हणाला, मॅडम, कशाला त्रास घेता, मी आवाज भरून आणतो, मशीन आपोआप बोलत राहील. मी म्हटलं, मशीन नको, माईक द्या. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की बाई उन्हात फिरल्या बहुतेक.

सुरुवातीला मी कॉलेजच्या सूचनाफलकासारखीच बोलले, सर्व नागरिकांनी बहुसंख्येनं उपस्थित राहावे वगैरे. कुणी मान वर केली नाही. बाजारपेठेत शिरेपर्यंत माझा मलाच कंटाळा आला आणि मी सरळ सांगून टाकलं, "आज माळढोक पक्ष्यावर व्याख्यान आहे. पक्षी आता दिसत नाही, तेव्हा निदान ऐकून तरी घ्या. आणि काल कुणी आलं नाही, ते बरं केलंत, कालचं जरा रटाळच होतं." एक-दोन दुकानदार हसले. बांगडीवाल्या खाला दुकानाच्या पायरीवर आल्या. तुम्हाला आठवतील, तेव्हा नव्यानं लग्न होऊन आल्या होत्या, आता केस पांढरे झालेत. त्यांनी रिक्षा थांबवली आणि म्हणाल्या, "तेरे अण्णा घर की खबर बी बोलते थे. तू कायकू नै बोलती?"

बाजार शांत झाला असं मी म्हणणार नाही, बाजार कधी शांत होत नाही. पण सगळ्यांचं लक्ष होतं, कारण बातमी सगळ्यांना माहीत होती. फक्त मी सांगितली नव्हती. माझ्या हातातला माईक घामानं ओला झाला होता. गुपचूप उरकायचं तर आता विषय बदलायला हवा होता, आणि माझ्या जिभेवर टँकरची वेळ आलीही होती. पण मी म्हणाले, "आता सांगणारीच्या घरची बातमी. मी पुढच्या महिन्यात लग्न करतेय. कानडी शाळेचे गुरुजी. उतारवयात दोघांना सोबत होईल म्हणून ठरवलंय. कुणाला काही विचारायचं असेल तर मलाच विचारा." कुणी काही विचारलं नाही. खालांनी एवढंच म्हटलं, "हात इधर दे." मी घड्याळाचा हात पुढं केला तर त्यांनी तो बाजूला सारला आणि दुसरा ओढून घेतला, माझ्या बोटांचे सांधे दाबत एकेक हिरवी बांगडी चढवली. तुमचे जावई गेल्यापासून मी त्या हातात काही घातलं नव्हतं. भर बाजारात, रिक्षात बसून, माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

पुढचं सगळं गाव माझ्या बांगड्यांच्या आवाजासकट फिरले, माईक हातात असल्यामुळं त्या किणकिणायच्या आणि भोंगा ते मोठं करून सांगायचा. कानडी गल्लीत माझ्या कानडीला बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. गुरुजी ओट्यावर बसून खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटत होते. ती ते स्वतः करतात, दुसऱ्या कुणाच्या हातची त्यांना चालत नाही. बातमी माझ्या आधीच तिथं पोचली होती हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी त्यांना विचारल्याशिवाय जाहीर केलं होतं, त्यामुळं आता हे रागावले तर काय करायचं, असा धसका मला बसला होता. त्यांनी बत्ता खाली ठेवला, लुंगीला हात पुसले आणि रिक्षाजवळ आले. "मला आधी सांगायचं की ओ," ते म्हणाले, "दाढी तरी करून बसलो असतो." मग माझ्या हाताकडं बघितलं आणि ओट्याकडं परतले. तिथून चटणीच्या दोन वाट्या आणून रिक्षात ठेवल्या, एक माझ्यासाठी आणि एक रिक्षावाल्यासाठी.

संध्याकाळी मैदान भरलं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक पायऱ्यांवर बसले. वक्त्यांना वाटलं, या गावाला पक्ष्यांचं फार वेड आहे. लोक खरं तर पहिल्या रांगेकडं बघत होते, आणि गुरुजी दाढी करून, पांढरा सदरा घालून, साऱ्या गावासमोर नेहमीसारखे गाढ झोपले होते. धाकट्याचा फोन व्याख्यान चालू असतानाच आला. कुणीतरी रिक्षातला माझा व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता, तो पुण्यापर्यंत गेला होता. "ताई, भोंग्यावरून?" एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, हो. मग पलीकडून हसण्याचा आवाज आला, आणि त्यानं विचारलं की रजा कोणत्या दिवसाची टाकायची. त्यानंतर येणारा-जाणारा प्रत्येक जण मला थांबवून म्हणाला, बरं केलंत, या वयात सोबत हवीच. मीही मान डोलवत राहिले, हो ना, सोबत हवीच.

हे तुम्हाला लिहिते आहे कारण कुठं पाठवायचं नाहीये. सोबतीचं ते मी लोकांना पटावं म्हणून सांगितलं, अण्णा. एकटीचं माझं मजेत चाललं होतं. तो माणूस मला आवडतो, इतका की तो नुसता कोपऱ्यावर वळताना दिसला तरी मी आरशात बघून येते. हे भोंग्यावरून सांगायचं धाडस मला झालं नाही, आणि गुरुजींनाही मी अजून सांगितलेलं नाही.