चहा प्यायलेली घरं

तिसगाव,
२ जून २०२५

प्रिय जॉय,

सलाम. ग्रेसला आशीर्वाद, जस्टिनला पापा.

यंदा पाचवीच्या वर्गाला पोरं गोळा करण्याची खरी किंमत सांगू? झिजून गेलेल्या चपला, वस्तीवरच्या कुत्र्याने फाडलेली पँट आणि शुगर असताना प्यायलेला तांब्याभर गोड चहा. तुझी आई म्हणते, "ही हेडमास्तरकी आहे की मतं मागणं?" म्हटलं, मतं मागणारे पाच वर्षांनी एकदा येतात, मी दर मे महिन्यात जातो.

वीस वर्षं माझी एकच रीत. ओट्यावर बसायचं, शाळेचं नाव काढायचं नाही. म्हैस, गुडघे, सुनेची तक्रार, सगळं ऐकायचं. आतून कपबशी कशी वाजते त्यावरून मला कळतं, पोरगं येणार की नाही. आदळली, तर आणखी थोडं बसायचं. ज्या घरात मी चहा प्यायलो, त्या घरातलं पोरगं माझ्या शाळेत आलंच. एकही घर चुकलेलं नाही, लिहून घे.

परवा संस्थेचे चेअरमन भिमाजीराव आले. "सर, पाचवी बंद करू. इंग्लिश शाळेची पिवळी बस पार वस्तीवर जाते, आपल्याकडं कोण येतंय? पुढच्या मेला तुम्ही रिटायर. शाल घ्या, निवांत बसा."

मी म्हणालो, "शाल ठेवा, थंडीत तुम्हालाच लागेल. मी खुर्चीत असेपर्यंत पाचवीला कुलूप लागणार नाही. आज पाचवी गेली, तर पुढच्या वर्षी सहावी कुठून आणाल?" शाळा उघडेपर्यंतची मुदत घेतली.

नेवाशाहून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मी याच पाचवीत आलो होतो. ही पाचवी नसती तर जन्मभर ऊस तोडला असता. हे त्यांना सांगितलं नाही.

काल चांगुणाबाईंच्या वस्तीवर गेलो. त्यांचा नातू हर्षल यंदा पाचवीला. म्हातारी म्हणाली, "घालते की सर पोराला. पन तुमचा नातू बी औंदा पाचवीलाच हाय ना? त्यो कुटं?"

"शहरात, सावेडीच्या शाळेत."

"मंग तितं बी तुमीच हेडमास्तर व्हय?"

आत सून फसकन हसली. चहा आला नाही.

म्हणून मी गप्प बसेन असं समजू नकोस. उद्या परत जाणार, नव्या चपला घालून. हर्षलला आणणार, आणि भिमाजीरावांसमोर पहिल्या बाकावर बसवणार.

तुमच्या घरचं तुम्ही ठरवा. सावेडीची शाळा चांगलीच असेल. मी काही मागत नाही. तुझी जुनी खोली आईने झाडून ठेवली आहे, ती उगाच.

गेल्या रविवारी तुमच्याकडे दोन तास बसलो. शाळेचं नाव काढलं नाही. ग्रेसने कप अगदी अलगद ठेवला होता. मी दोनदा चहा प्यायलो. जस्टिनचं नाव अजून सावेडीच्याच शाळेत आहे.

तुझा बाप, आणि अजून तरी हेडमास्तर,
शांतवन